पाचवी चिठ्ठी

"सोमवार, १२ जून १९६१, अमरावती. वसतिगृहात जागा दोन, अर्ज पाच. दुपारी चिठ्ठ्या काढायच्या."

एवढं लिहून रेक्टर कुंदाबाई बाहेर आल्या. तांब्यात पाच चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या दोनांवर 'जागा' लिहिलेलं, तीन कोऱ्या. सगळ्यांनी उचलल्याशिवाय कुणी उघडायची नाही, असं ठरलं होतं.

अकोल्याच्या केशरबाई लेकीला पुढे ढकलत होत्या. जागा हुकली तर पंचफुलाचं मास्तरकीचं शिक्षण तिथंच थांबणार होतं.

"मांगं काहून उभी हायेस? पुढच्या पोरी जागा घेऊन जातीन, तुले कोरी राहीन!"

"माय, तांब्यात शेवटी राहिलेली चिठ्ठी पाचांतली कोणतीबी असू शकते," पंचफुला म्हणाली. "पाचांत दोन जागा. पयलीले जेवढी आशा, तेवढीच मले."

"मोठी मास्तरीण!"

कुंदाबाईंना हसू आलं. हेच गणित समजवायला त्यांना वर्गात आठवडा लागे.

चौघींनी उचलल्या. उरलेली पंचफुलानं घेतली, मग सगळ्यांनी उघडल्या. तिच्या चिठ्ठीवर 'जागा' होतं.

"मी म्हणतच होती, मांगं राह्य म्हणून!" केशरबाई डोळे पुसत म्हणाल्या.

संध्याकाळी कुंदाबाईंनी डायरीत लिहिलं: "पंचफुला खोली तीनमध्ये. उद्यापासून दूध अर्धा शेर जास्त सांगितलं."