भामाक्काचं वैर

भामाक्का ज्याच्यावर रागावली, त्याचं नाव तिच्या तोंडातून कायमचं जाई. शिवी नाही, शाप नाही, भांडण नाही. तो माणूस समोर उभा असला तरी ती त्याच्या शेजारच्याशी बोलायची. बाजार समितीच्या सभापतींचं नाव तिनं असंच टाकलं होतं. सगळं गाव त्यांना 'अध्यक्ष'च म्हणे. ती 'त्यो' म्हणायची, आणि 'त्यो' म्हणजे कोण हे कुणाला विचारावं लागत नसे.

करकंबच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या जुन्या स्टेशनाला लागून भामाक्काचं घर होतं. अरुंद रुळांच्या छोट्या गाडीसाठी बांधलेलं ते स्टेशन बुटकं, काळ्या दगडाचं. पुढं कमानी, वर मंगलोरी कौलं, कौलांखाली लाकडाची नक्षीदार झालर. भामाक्का आणि तिचा नवरा धोंडीबा शेळ्या राखायचे. उन्हाचं माणसं आणि शेळ्या, दोन्ही त्या कमानींच्या सावलीत बसत.

धोंडीबाच्या छातीत कळ आली तेव्हा गावात जीप एकच होती, अध्यक्षांची. ते त्या वेळी अध्यक्ष व्हायचे होते, पण ऐट तीच होती. भामाक्का धावत त्यांच्या दारात गेली. ते जीपची नवी सीट पुसत होते. म्हणाले, "गाडीला शेळ्यांचा वास लागंल. रेल्वेनं न्या की."

आम्ही धोंडीबाला उचलून स्टेशनच्या बाकावर आणून निजवलं. मी तेव्हा गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाडी उशिरा होती. ती आली तेव्हा त्याला कुठं न्यायचं कारण उरलं नव्हतं. भामाक्का रडली नाही. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि गाडी निघून जाईपर्यंत तिच्याकडं बघत राहिली.

पुढं मी कधीतरी तिला म्हटलं होतं, "अक्का, किती दिवस मनात ठेवणार?"

"राग शेळीवानी पाळावा, मास्तर," ती म्हणाली. "रोज चारा घालायचा. टाइम आला की दूध देतो."

तो टाइम यायला बरीच वर्षं गेली. रूळ रुंद झाले, नवं स्टेशन लांब झालं आणि जुनं ओसाड पडलं. अध्यक्षांनी भोवतालची जमीन हळूहळू घेऊन ठेवली होती. आता जुनं स्टेशन पाडून थेट रस्त्यापर्यंत दुकानांची रांग काढायचा त्यांचा बेत ठरला. मी निवृत्त होऊन सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागात राहायला आलो होतो. एक दिवस शेळीच्या दुधाची बरणी घेऊन भामाक्का दारात उभी.

"मास्तर, जुनी इमारत सरकार राखतं म्हनं. खरं का?"

"राखतं. पण ती किती जुनी, कशी बांधलेली, त्यात राखण्यासारखं काय, ते दाखवावं लागतं. नकाशे काढावे लागतात."

"मंग काडा की."

"अक्का, एवढा लळा आहे तुला त्या स्टेशनाचा?"

"लळा कसला? वाऱ्यानं पडलं तर पडू दे. त्येच्या हातनं पडू देनार न्हाय."

तो सगळा उन्हाळा मी गावाला जाऊन मापं घेतली. फितीचं दुसरं टोक भामाक्काच्या हातात असायचं. पारव्यांची घाण तिनं खरवडून काढली, तिकीटखिडकीची पितळी जाळी चिंचेनं घासली. मी कमानीच्या घडाईचं कौतुक करू लागलो की म्हणायची, "लिवा, लिवा. त्येच्या डोळ्यात सलंल असं लिवा."

आम्ही सरकारकडं केलेल्या अर्जाचा निकाल लागायच्या आतच एका सकाळी जेसीबी आला. भामाक्कानं सगळ्या शेळ्या कमानींच्या खांबांना बांधल्या आणि मधोमध मांडी घालून बसली. मग गावातल्या चारदोन बायका आल्या, मग आणखी आल्या. शेवटी अध्यक्ष स्वतः आले.

"अक्का, काय पायजे ते सांगा. रस्त्याला लागून एक गाळा तुमच्या नावानं करतो."

भामाक्का जेसीबीवाल्याकडं वळली. "पोरा, त्येला सांग, हितनं माजं मडं उचलावं लागंल. आन ते उचलून त्येच्या गाडीत घालू नगा म्हनावं, वास लागंल."

बायका हसल्या. अध्यक्षांचा चेहरा काळाठिक्कर पडला. जेसीबी माघारी गेला.

सुनावणी सोलापूरला होती; मी तिला न्यायला गावाला गेलो आणि परतताना एसटीत तिला पढवत होतो. 'आमच्या पूर्वजांचा ठेवा आहे' एवढंच म्हणायचं. ती मान डोलवत होती. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "आजी, हे स्टेशन राहावं असं तुम्हाला का वाटतं?"

"सायेब, खोटं कशाला बोलू? ज्यानं माज्या मालकाला मरताना गाडीत घेतलं न्हाय, त्येला ते पाडायचंय. म्हनून ते उबं ऱ्हायलं पायजे."

मी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांचे वकील खुशीत उठले. "साहेब, बघा, हे सगळं सुडापोटी चाललंय."

साहेबांनी माझे नकाशे पुन्हा उलगडले. "कारण सुडाचं असेल," ते म्हणाले, "इमारत तर खरी आहे ना?" ते स्वतः येऊन स्टेशन बघून गेले. पुढं हुकूम आला: इमारत संरक्षित, आणि लगत बांधकामाला बंदी. अध्यक्षांची जमीन नुसती कुसळं उगवत पडून राहिली. भामाक्का रोज तिथं शेळ्या चारायची. गावात दुसरीकडं गवत नव्हतं असं नाही.

दुरुस्ती होऊन स्टेशन लोकांना बघायला खुलं झालं, त्या कार्यक्रमाला अध्यक्षही आले. काठी टेकत आले आणि दम लागला म्हणून जवळच्या बाकावर बसले. भामाक्का गर्दीतून सरळ त्यांच्यासमोर गेली.

"ऊट," ती म्हणाली. इतक्या वर्षांतला तिचा त्यांच्याशी पहिला शब्द, तोही एकेरी. "हितं माजं मानूस निजलंय."

अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं. ते उठले आणि काठीवर भार देऊन भाषणं संपेपर्यंत उभे राहिले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी ती दिली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पाय थकल्यावर शेळ्या विकून भामाक्का जेऊरला लेकीकडं गेली. अध्यक्ष वारल्याचं सांगायला मीच तिथं गेलो. मला वाटलं, ऐकून ती सुटेल. ती तूर निवडत बसली होती.

"कसा गेला?"

"झोपेत."

तिचा हात सुपात थांबला. मग ती रडू लागली, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. लेक धावत बाहेर आली. "आये, त्या मानसासाठी रडतीस व्हय?"

"त्येच्यासाठी न्हाय गं," ती म्हणाली. "आता सकाळचं उटायचं कशाला?"

ज्वारीची काढणी व्हायच्या आत ती गेली.

आता अध्यक्षांच्या मुलानं स्टेशनासमोर कमान उभारायचं काढलंय. तिच्यावर वडिलांचं नाव, आणि नावाआधी 'वारसाप्रेमी'. मी हरकत घेतली आहे. गावातले लोक मला समजावतात, "मास्तर, दोघंबी गेली. आता कशाला?" पायाचे खड्डे खणून झालेत. ते मी बुजवून घेणार आहे.