तव्यांचा कुळव आणि उजवा बैल

माझ्या माहेरची जमीन नेसरीच्या बाजूला, टेकडीच्या उतारावर आहे. एकाखाली एक अशा अरुंद पट्ट्या, प्रत्येक पट्टीला दगडी बांध. नव्वदच्या दशकाच्या शेवटी खालच्या सपाट रानांत भाड्याचे ट्रॅक्टर फिरायला लागले होते, पण आमच्या पट्ट्यांपर्यंत बैलगाडीसुद्धा धड चढत नसे. तिथं बैलच. नांगरट झाली की हरळीच्या मुळ्यांनी आवळलेली मोठाली ढेकळं निघत आणि साधा कुळव त्यांच्यावरून घसरत जाई.

ही शेती माझा धाकटा भाऊ करायचा. मी कोल्हापुरात. उद्यमनगरात आमची फॅब्रिकेशनची शेड होती. बाहेरची कामं आणणं नवऱ्याकडं आणि शेडमधलं सगळं माझ्याकडं: कोणता पाइप आला, कोणाचं गेट आज जायचंय, कुठले नट संपलेत. खिशात पेन आणि हातात यादी असल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे. भाऊ म्हणायचा, "आक्काच्या यादीत 'श्वास घेणे' एवढंच लिवायचं राहिलंय."

त्याच भावानं एका उन्हाळ्यात मला काम सांगितलं.

"आक्का, तुझ्या शेडात सगळ्या जगाची कामं हुत्यात. मला तेवढा तव्यांचा कुळव करून दे की. बैलाला झेपंल असा."

तव्यांचा कुळव म्हणजे डिस्क हॅरो. सरळ पात्याऐवजी त्याला खोलगट, धारदार लोखंडी तवे असतात. डावीकडं एक रांग, उजवीकडं एक रांग, दोन्ही जरा तिरक्या. बैल ओढू लागले की तवे फिरतात आणि ढेकळं कापत जातात. मधून पुढं एक दांडी जाते आणि दांडीच्या टोकाला जू. ट्रॅक्टरमागचे हॅरो आम्ही दुरुस्त केलेले होते. त्याचंच लहान रूप करायचं, एवढाच मामला मला वाटला.

आम्ही तो झकास केला. आमचे मिस्त्री वेल्डिंगला पक्के माणूस. त्यांचा नियम होता की टेबलावर ठेवलेली वस्तू चारी कोपऱ्यांनी टेकली पाहिजे आणि लाथ मारली तरी हलता कामा नये. चौकट तयार झाल्यावर त्यांनी खरोखरच लाथ मारून दाखवली. "वैनी, हत्ती जुंपा," म्हणाले.

पहिल्या आठवड्यात भावाचा निरोप आला की ढेकळं भुग्यासारखी फुटताहेत. मी यादीतलं काम खोडलं. दुसरा निरोप आला तो वेगळा होता: उजव्या बैलाचा खांदा आला आहे. म्हणजे जू जिथं मानेवर बसतं तिथं सूज आणि आतून गरम.

हा उजवा बैल घरच्या गाईचा. तो आठवड्याचा असताना गाय गेली आणि माझ्या भावजयीनं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं. तिच्या चाहुलीनं तो गोठ्यातून मान बाहेर काढायचा. त्याचा खांदा कायमचा बिघडला तर तो जुंपता येणार नाही, आणि न जुंपता येणारा बैल दारात ठेवणं भावाला परवडणारं नव्हतं. जनावरांचा एक व्यापारी येऊन त्याचे दात बघूनही गेला होता. असा बैल तो घेऊन कुठं जातो, हे घरात कुणी बोलत नसे. भावानं फक्त एवढं सांगितलं, "दिवाळीपातुर बघतो. मग मात्र माझा इलाज न्हाय."

मी कामाला लागले. पहिला संशय वजनावर. तवे खोल जावेत म्हणून भाऊ चौकटीवर दगड बांधायचा, ते काढायला लावले. मग तवे वरच्यावर फिरू लागले आणि एका फेऱ्याच्या जागी दोन फेरे घालावे लागले. सूज तशीच. दुसरा संशय जुवावर. कोल्हापुरातून जुन्या सीटचा फोम नेऊन मी जुवाला आतून गादी शिवून घेतली. भावजय बघत होती.

"वन्सं, बैलाला गादी आणि मला घोंगडं व्हय?"

"तूबी खांदा सुजवून दाव, तुलाबी शिवतो," भाऊ म्हणाला.

हसलो सगळे, पण गादीनंही फरक पडला नाही. त्यातच उंचवट्यावर आदळून चौकटीचा एक सांधा तडकला. कुळव शेडमध्ये आला. मिस्त्रींनी कोपऱ्यांत लोखंडी त्रिकोण ठोकून तो आणखी कडक केला. काहीही तडकलं की जास्तीची पट्टी मारायची, ही आमच्या धंद्याची सवय. गेटला, जिन्याला, शेडच्या छपराखालच्या कैचीला ती चालते. परत गेलेला कुळव आधीपेक्षा भक्कम होता आणि बैलाचा खांदा आधीपेक्षा वाईट.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, मी माहेरी गेले. आमच्याकडं सणाच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले खांदे गरम पाण्यानं शेकायचे, मग हळद आणि लोणी लावून चोळायचे. लहानपणी हे काम वडील करायचे आणि मी वाटी धरायची. त्या दिवशी भाऊ डाव्या बैलाकडं बसला होता. उजवा दुखऱ्या खांद्यामुळं त्याला हात लावू देईना. भावजय त्याच्या तोंडाशी उभी राहून गळा खाजवत राहिली, तेव्हा कुठं तो थांबला, आणि मी बोटांनी हळूहळू लोणी लावू लागले.

गाठ हाताला लागली. पण ती माझ्या अंदाजाच्या जागी नव्हती. बैल ओढतो तेव्हा मान पुढं रेटतो, जू मागं सरकून खांद्याच्या उंचवट्याला अडतं. ओढ जास्त असती तर घट्टा तिथं पडला असता. तिथली कातडी मऊ होती. गाठ होती मानेच्या माथ्यावर, जणू कुणीतरी वरून खाली दाबत होतं.

मी हात पुसला आणि डाव्या बैलाकडं गेले. त्याची मान माथ्यापासून खाली स्वच्छ.

"हे ओढीचं न्हवं," मी म्हणाले. "वरनं दाब येतोय. आणि एकट्या उजव्यावरच."

"वरनं कोण बसतंय त्येच्यावर?" भाऊ म्हणाला.

"कुळवताना बांध तुझ्या कुठल्या हाताला असतो?"

"डाव्या. कायम डाव्या. कडंनं सुरू करायचं आन् आत आत येत जायचं."

कडेला म्हणजे बांधालगत. तिथं माती चढलेली असते, वरच्या बांधातून ढासळलेले दगड अर्धे रुतलेले असतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात डावी रांगच उंचवट्यावर चढणार. कुळव अंगणातच पडला होता. मी भावाला दांडीला जू बांधायला लावलं, दोघांनी मिळून ते कमरेइतकं उचलून धरलं, एक टोक त्यानं, एक भावजयीनं. मी पहार घालून डाव्या रांगेखाली जात्याची जुनी तळी सरकवली.

"आगं, आगं!" उजव्या टोकाशी असलेला भाऊ ओरडला. "खाली दाबतंय की हे!"

"माझं वर उचललंय," भावजय म्हणाली.

झालं. डावी बाजू उचलली की आमची न हलणारी चौकट अख्खी कलत होती. तिच्याबरोबर दांडी पिळत होती आणि दांडीला घट्ट आवळलेलं जू डावीकडं वर, उजवीकडं खाली जात होतं. जमिनीतला प्रत्येक दगड आमच्या भक्कम लोखंडातून सरळ उजव्या बैलाच्या मानेवर पोचत होता. आणि जितकं आम्ही ते घट्ट करत गेलो तितका तो नीट पोचत होता.

भावानं जू खाली ठेवलं आणि म्हणाला, "म्हंजे बैल कच्चा न्हवता. तुझा मिस्त्री लई पक्का हाय."

मला राग आला नाही. उलट छातीवरचं ओझं निम्मं तिथंच उतरलं. कारण कळलं नव्हतं तोवर मी काय दुरुस्त करणार होते? आता निदान काय कापायचं ते ठरलं होतं.

शेडमध्ये मात्र हे सांगणं सोपं गेलं नाही. मिस्त्रींनी गॅस कटर हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"वैनी, चांगलं जोडलेलं कापायचं? लोक हसतील मला. सैल काम केलं म्हणतील."

"सैलच पाहिजे आहे, मिस्त्री. पण मापात सैल."

"सैलाला कसलं माप?"

त्याचंच माप शोधण्यात आमचा पावसाळा गेला. चौकट मधोमध कापली. डावी आणि उजवी रांग वेगळी करून दोन्ही एका आडव्या दांड्यावर आपापल्या खिळीनं टांगल्या, म्हणजे एक वर गेली तरी दुसरी जमिनीतच राहील. दांडीचं मागचं टोक एका गोल नळीत बसवलं, कुळव कलला तरी दांडी पिळू नये म्हणून. शेडमागच्या मोकळ्या जागेत विटा पसरून आम्ही चौघा कामगारांना बैलांच्या जागी लावलं. ते हंबरायचे, एकमेकांना चाबकाची धमकी द्यायचे, शेजारच्या लेथवाल्यांची करमणूक व्हायची.

पहिली रचना इतकी सैल झाली की दोन्ही रांगांची आतली टोकं एकमेकींवर आपटत आणि मध्ये वरंबा तसाच राहून जाई. मिस्त्रींना आनंद झाला. "बघा, म्हणलो न्हवतो?" पण तोपर्यंत त्यांनाही चीड आली होती, आणि चिडलेले मिस्त्री म्हणजे निम्मं काम झालेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच आतल्या टोकांना जाड रबराचे तुकडे बसवून आणले आणि खिळीच्या भोकाची लांबोडकी खाच केली. रांग वीतभर उचलेल, पुढं अडेल. मी तीन वेगवेगळ्या खाचांची चाचणी लावली. मधली पसंत पडली.

इकडं पावसाळाभर उजवा बैल गोठ्यात होता. भावानं पैऱ्यानं काम चालवलं, म्हणजे शेजाऱ्याचा एक बैल आणि आपला डावा जुंपून दोघांची रानं आळीपाळीनं करायची. भावजय रोज मान शेकत होती. सूज उतरली, गाठ लहान झाली, पण कुळव परत जुंपल्यावर काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. व्यापाऱ्याचा दिवाळीच्या तोंडावर निरोप आलाच.

भुईमूग काढलेल्या पट्टीत हरभरा करायचा होता. कुळव टेम्पोनं खालच्या रस्त्यापर्यंत नेला आणि सुटा करून खांद्यावरून वर चढवला. आता तो सुटा होत होता, हाही फायदाच. सकाळी उजव्या बैलाच्या मानेवर जू ठेवलं तेव्हा तो एक पाऊल मागं सरला. भावजय बांधावर उभी होती. ती पुढं आली नाही. पदर दातात धरून बघत राहिली.

मी तव्यांकडं बघतच नव्हते. जुवाच्या शेजारून चालत मी त्याच्या दोन टोकांवर नजर ठेवून होते. बांधालगत पहिला दगड आला. मागं खडखडाट झाला, डावी रांग चढली, उतरली. जू हललं नाही. पुढचा दगड मोठा होता. डावी रांग चांगली उचलली, उजवी माती कापत राहिली आणि उजव्या बैलानं कान फडकावून माशी उडवली.

"बघितलंस का?" मी ओरडले.

"मला काय बघायचंय? मला हाताला कळतंय," भाऊ मागून म्हणाला. "आधी हिसडा बसायचा. आता निस्तं डुलतंय. सगळ्यांस्नी मान डोलावणाऱ्या नवरीच्या बापागत."

तिसऱ्या फेऱ्याला एक खीळ निसटून रांग मागं राहिली आणि मी धावत मागं गेले. खिळीच्या टोकाला अडकवायची पिन कुणीतरी बसवायची विसरलं होतं. तार पिळून काम चालवलं. बाकी दुपारपर्यंत पट्टी झाली, आणि त्यानंतरच्या दिवसांत वरच्या दोन्ही पट्ट्या.

शेवटच्या दिवशी ऊन कलल्यावर बैल सोडले. भावानं उजव्याच्या मानेवर पंजा ठेवला आणि बायकोला खुणावलं. ती आली. तिनं दोन्ही हातांनी मान चाचपली, माथ्यावर, बाजूला, परत माथ्यावर.

"गार हाय," ती म्हणाली.

मग तिला एकदम रडू आलं आणि ते दडवायला ती बैलालाच ओरडली, "सर की मागं, पायावर पाय देतोयस!" बैल कुठंही हलला नव्हता.

भावानं त्याच संध्याकाळी एका ओळखीच्या माणसाबरोबर व्यापाऱ्याला निरोप दिला. "पावण्यास्नी म्हणावं, बैल द्यायचा न्हाय. च्याला कवाबी या."

पुढं तसे कुळव आम्ही उताराच्या रानांसाठी आणखीही केले, पॉवर टिलर गावागावांत येईपर्यंत ते चालले. मिस्त्री नव्या गिऱ्हाइकाला चौकट हलवून दाखवायचे आणि म्हणायचे, "ही हलती हाय, ती मुद्दाम." पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मी नेसरीहून कोल्हापूरची एसटी धरली, खिडकीशी बसले, शेडमधली उद्याची कामं लिहायला कागद काढला आणि गडहिंग्लज यायच्या आधीच झोपले. जाग आली ती कंडक्टरच्या आवाजानं. गाडी रिकामी होती.

"ओ मावशी, स्टँड आलं. का परत न्हिऊन सोडू?"

मी कोरा कागद पिशवीत कोंबला आणि उतरले.