वत्सलाबाईंनी थांबवलेली आवृत्ती

वत्सलाबाईंच्या मुलीचा, करुणाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात भाजी घेत होतो. "दादा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. वत्सलाबाई भगत सकाळी नेहमीसारख्या टायपिंगच्या वर्गात गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि बसल्या जागीच गेल्या. त्याला आता पाच आठवडे झाले. दारव्ह्यात त्यांना टायपिंगवाल्या बाई म्हणून सगळे ओळखतात. पण देशात ठिकठिकाणी विखुरलेले वीस-पंचवीस प्रोग्रामर त्यांना वेगळ्याच कामासाठी ओळखत होते. त्या कामाची गावात फारशी कुणाला खबर नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी त्यांचा विद्यार्थी. आपल्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातली एकही मुलगी शाळेबाहेर राहू दिली नाही, हे त्या अभिमानाने सांगत. पुढे त्यांनी स्वतःचा वर्ग काढला आणि अर्ध्या तालुक्याला मराठी टायपिंग शिकवलं. मी इंजिनिअर होऊन पुण्याला गेलो आणि तिथे एका हौशी गटात सामील झालो. आम्ही मराठीत लिहायचा, याद्या करायचा एक प्रोग्राम तयार करत होतो. तो कुणीही फुकट वापरावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा असा होता. बाईंनी तोवर टाइपरायटरच्या शेजारी तीन जुने कॉम्प्युटर मांडले होते. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती तपासून द्याल का, असं मी त्यांना विचारलं. "मले प्रोग्रामिंग येत नाई बाप्पा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "चुका दिसतात ना?" "त्या तं दिसतेतच."

ती कापसाची फार वाईट वर्षं होती. खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची आणि आपला नंबर कधी लागणार याची वाट बघत माणसं दोन-दोन दिवस गाडीखालीच झोपायची. केंद्रावरचा कारकून नंबरांची यादी बाईंच्या वर्गात येऊन आमच्याच प्रोग्रामवर करून न्यायचा. नव्या आवृत्तीत यादी चटकन अकारविल्हे लागणार होती, म्हणजे ज्याला-त्याला आपलं नाव आणि नंबर लगेच सापडला असता, त्यामुळे सोमवारपासून तीच वापरायची असं त्याने ठरवलं होतं. ती आवृत्ती काढायची जबाबदारी पहिल्यांदाच माझ्यावर आली होती. रविवारी पुण्यातल्या एका मेळाव्यात मी ती जाहीर करणार होतो. आमच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या, बंगळूरहून आणि नाशिकहून होकार आले होते. दारव्ह्याहून मात्र एका शब्दाची मेल आली. "नाही."

मी चिडलो. फोनवर म्हटलं, "बाई, तुमचं मशीन जुनं आहे, त्याचाच काहीतरी घोळ असेल." त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग येऊन पाह्य." मी खरंच निघालो. एसटीने यवतमाळ गाठलं, तिथून जीपने दारव्हा. त्यांनी पाणी दिलं, मला मशीनसमोर बसवलं आणि केंद्राच्या जुन्या यादीतली दोनशे नावं टाइप करायला लावली. आमच्या चाचण्यांत आम्ही मनाने रचलेली नावं होती, एकासारखं दुसरं नसलेली. इथे वेगवेगळ्या बंजारा तांड्यांवरचे चार रामराव राठोड होते. मी यादी लावली, छापली. बाईंनी फूटपट्टी प्रत्येक ओळीखाली सरकवत ती मोजली. एकशे सत्त्याण्णव.

"तीन मानसं कुठी गेली, प्रशांत?"

मी तिथेच बसून शोधायला लागलो. आमच्या प्रोग्रामची एकही ओळ चुकलेली नव्हती. यादी अकारविल्हे लावायचा भाग आम्ही लिहिलाच नव्हता, तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, तयार घेतलेला होता. आवृत्ती बांधताना तो इंटरनेटवरून आपोआप यायचा, आणि येताना सगळ्यात ताजा यायचा. त्याच्या नव्या रूपात दोन नावं सारखी दिसली की, गावं वेगळी असली तरी, एक गाळलं जात होतं. मी बाईंना म्हटलं, "चूक आमची नाही, त्यांची आहे." त्यांनी चष्मा काढला. "शेजारनीकडून विरजन आनलं अन् दही नासलं, तं पाहुन्यायले काय सांगशीन? दही माहं नाई म्हनून?"

संध्याकाळी त्या मला खरेदी केंद्रावर घेऊन गेल्या. भिंतीवर जुन्या आवृत्तीतली यादी चिकटवलेली होती. एक म्हातारा पुढे आला. "बाई, माहं नाव हाये न? रामराव राठोड, चिंचोलीचा." बाईंनी चारही रामराव राठोड एकेक करून बोटाने दाखवले आणि चिंचोलीच्या नावावर बोट टेकवलं. "हे तुमचं. उद्या दुपारी." तो हसला आणि गाडीकडे गेला... सोमवारी त्या चौघांतला एकच भिंतीवर उरला असता.

रविवारच्या मेळाव्यात मी उभा राहून सांगितलं की आवृत्ती तयार नाही. का नाही, तेही सांगितलं. मागून कुणीतरी हसलं. त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. त्यानंतर आम्ही बाहेरून घेतलेल्या प्रत्येक भागाचं नाव आणि त्याची नेमकी आवृत्ती लिहून ठेवायला लागलो. तपासल्याशिवाय त्यातलं काहीही आपोआप बदलणार नाही, हा नियम झाला. अकरा दिवसांनी दारव्ह्याहून मेल आली, "हो." मग कित्येक वर्षं बाईंच्या होकाराशिवाय एकही आवृत्ती बाहेर पडली नाही. त्यांनी तपासणीसाठी जमवलेली नावं आज तेलुगू आणि बांगलावालेही आपापल्या लिपीत वापरतात. मोठ्या पगाराच्या माणसांनाही त्या निःसंकोच थांबवत. "घाई कायची हाये तुले?" हा त्यांचा प्रश्न साऱ्या गटाला मराठीतच पाठ झाला होता.

गेल्या आठवड्यात, त्या गेल्यानंतरची पहिली आवृत्ती तयार झाली. होकार कुणाचा घ्यायचा, हे गटात कुणीच विचारलं नाही. मीच दारव्ह्याला गेलो. वर्ग आता करुणा चालवते. यादी छापली आणि मी पहिल्या नावापासून वाचायला लागलो. करुणाने कागद माझ्या हातून घेतला, उलट्या टोकाकडे बोट दाखवलं.

"खालून वाचा, दादा. वरून वाचलं तं डोयाले पुढचं आधीच ठाऊक असल्यासारखं वाटते. आई नेहमी खालूनच वाचे."

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक नाव मोठ्याने वाचत वर चढत गेलो. पहिल्या नावाशी पोचलो तेव्हा सगळी माणसं जागेवर होती. "हो म्हणू?" मी विचारलं. करुणा म्हणाली, "आनखी एकडाव वाचा." मी पुन्हा खाली गेलो.