गयाआत्याची विहीर आणि दिगंबरचा वेढा

"उठा गं! डबे उचला अन् आपापल्या घरी जा! न्हाई तर पोरींसकट बुजवीन विहीर!"

हा ओरडतोय तो दिगंबर, माझा आतेभाऊ. त्याच्या मागे जेसीबी घरघरतोय. समोर विहिरीच्या काठावर गावातल्या पोरी मांडीवर तेलाचे रिकामे डबे घेऊन ठिय्या मारून बसलेल्या, अन् मधोमध शाळेतल्या छाया मॅडम. ठिकाण – सेलू तालुका, वालूरच्या अलीकडचं आमचं गाव, गयाआत्याचं शेत. भरदिवसा, लख्ख उन्हात. हे आधीच सांगतो, कारण मी असलं काही मानणारा माणूस नाही. आमच्याकडे ज्या बाभळीखाली चकवा लागतो म्हणतात, तिच्याखाली मी दुपारभर घोरलोय... चकवाच कंटाळून निघून गेला.

गयाआत्या म्हणजे दिगंबरची आई. हिवाळ्यात गेली. मेंढरांमागे आयुष्य काढलेली बाई. साठी ओलांडल्यावर लूना शिकली आणि पहिल्याच दिवशी थेट मानवतचा बाजार गाठला. ब्रेक कुठं असतो ते परत निघताना विचारलं. एकदा तिनं लांडग्याच्या तोंडातून कोकरू ओढून काढलं. मी सांगताना दोन लांडगे सांगतो, पण एक तर होताच.

परीक्षा संपल्या की गावातल्या पोरी पोहायला शिकायला तिच्या विहिरीवर. पाठीला रिकामा डबा, काखेतून आणलेली लोकरीची काळी दोरी, पाठीवर फुलीची गाठ, आणि "मार उडी, माय!" पहिल्या दिवशी प्रत्येकीनं भिंतीकडेनं विहिरीला एक पुरा वेढा घालायचा, तोवर पायरीला हात लावायचा नाही. मग ही लबाड बाई रोज गुपचूप डब्यात तांब्यातांब्यानं पाणी ओतायची. एक दिवस डबा काठोकाठ भरलेला असायचा आणि पोरीला पत्ताच नसायचा की आपण आपल्याच जिवावर पोहतोय! छाया मॅडम अशाच शिकल्या. आत्यानं शिकवलेल्या पोरींतल्या दोघी पोलिसात आहेत.

अन् आता माझा संताप ऐका. ती गेली, चौकात बॅनर लागला – 'प्रेरणास्थान'! जन्मभर पदर खोचून हिंडलेली बाई, यांनी कम्प्युटरवर तिच्या डोक्यावर पदर चढवला! खाली हात जोडून ज्यांचे फोटो, त्यांतल्या निम्म्यांनी तेव्हा बोंब ठोकली होती, की मेंढरंवाल्यांच्या अन् बौद्धवाड्यातल्या पोरी एकाच पाण्यात कशा? आत्या म्हणाली होती, "मग तुमी नका उतरू. तसंबी बुडताल."

आणि पोटचा पोरगा जेसीबी घेऊन उभा!

"बोअर हाय, विहीर कशाला पायजे?" तो म्हणाला. "उद्या एखादी बुडाली तर पोलीस मला धरतेल."

"आजवर कोण बुडालंय?" छाया मॅडम.

"आई होती तवा! आता कोन हाय बघायला?"

"मी हाय की."

"तू गप गं! मास्तरीणबाई झाली म्हणून लय शानी झालीस!"

खरं कारण मला माहीत होतं. लाज. आई काष्टा मारून विहिरीत उड्या टाकते याची याला लहानपणापासून लाज. ती डबा घेऊन आली की हा तुरीत लपायचा. सगळ्या गावाच्या पोरी पोहतात, अन् ह्या एवढ्या मोठ्या बाप्याला पोहता येत नाही!

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "आईची विहीर बुजवायलास, अन् ह्या पोरी काय हौदात पोहतील का रे?"

"नाना, तू मधी पडू नको!" म्हणत तो बोट नाचवत काठाकाठानं माझ्यावर धावला. जेसीबीनं काठावर ओतलेला मुरूम पायाखालून सरकला आणि दिगंबर आत!

सात परस, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल विहीर. बरं, पाच. त्याला एक पुरे होता.

तो खाली गेला. पाणी मिटलं. छाया मॅडमनी पदर खोचला, उडी टाकणार... तोच दिगंबर वर आला. धडपडत नाही – पाठीकडून उचलल्यासारखा! हनुवटी पाण्यावर, हातपाय बडवतोय, अन् भिंतीकडेनं सरकतोय. पायरीजवळ आला. आम्ही सगळे ओरडलो, "धर! धर पायरी!" त्यानं हात लांबवला... आणि पायरी सोडून पुढं गेला! "सोड! सोड की आता!" असं कुणाला तरी म्हणत त्यानं अख्ख्या विहिरीला वेढा घातला आणि मगच पायरीला लागला.

जेसीबीवाला म्हणतो, घाबरला की माणूस आपोआप पोहतो. मान्य. मग पायरी सोडून कशाला गेला? अन् वर आल्यावर सदरा काढला तेव्हा पाठीवर लालभडक वळ – काखेतून निघालेले, मधोमध फुली. एकूण एक डबा पोरींच्या मांडीवर होता. दोरी पाण्यात नव्हती, पोरी बुड्या मारमारून बघून आल्या. बाकी कुठं मी मीठमसाला लावला असेल, इथं चिमूटभरही नाही.

मला आजही उलगडा झालेला नाही आणि त्याचाच राग येतो. बरं, आली असेल तर माझ्याशी का बोलली नाही? तिच्या गोष्टी गावोगाव मी सांगितल्या, अन् भेटली कुणाला तर या दगडाला!

मी तिथंच त्याचा दंड धरला. "दिग्या, खरं सांग, आत कोण होतं? अन् विहिरीचं काय करतूस?"

सदरा पिळत, माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "एवढा उन्हाळा होऊ दे पोरींचा."