दुसऱ्याच्या छतावरचं वाळवण

जेवणाची सुट्टी झाली की वैशाली दीदी ऑफिसचा लॅपटॉप मिटायची आणि कापडी पिशवीतून स्वतःचा काढायची. तो इतका जुना होता की उघडताना बिजागरी कुरकुरायची. तो घेऊन ती आवारातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसायची. ऑफिसच्या इंटरनेटला तो जोडायचा नाही, त्यासाठी स्वतःचा फोन. ऑफिसच्या प्लगलाही लावायचा नाही, चार्जिंग घरून करून आणायचं. बॅटरी म्हातारी झालेली, त्यामुळे डबा संपायच्या आत लॅपटॉप मान टाकायचा. ‘दीदीचं सोवळं’ म्हणून आम्ही तिची यथेच्छ चेष्टा करायचो.

आमची कंपनी नवा रायपुरात, शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी. हॉलमध्ये मराठी आम्ही दोघंच. माझ्या टेबलाशी आली की ती माझ्या पडद्याकडे बघून कपाळावर हात मारायची. “भैया, तुमी तं ह्याच्यात अख्खा संसार थाटला! पोरीचे फोटो, बायकोचे रिपोर्ट, विजेचं बिल... उद्या कंपनीनं दार लावलं तं काय कराल?”

“कोण पाहून राहिलं, दीदी?”

“कोणी नाही पाहून राहिलं. पण छत त्यांचं आहे ना!”

हे छत तिच्या बोलण्यात सारखं यायचं. तिचं बालपण रायपूरच्या पुरानी बस्तीतलं, छताला छत लागलेलं. त्यांच्या छतावर झाडाची सावली, म्हणून एका उन्हाळ्यात तिच्या आईनं कुरडया शेजारच्या काकूंच्या छतावर वाळत घातल्या. गहू आईचा, चीक आईनं घोटलेला. संध्याकाळी काकूंनी अर्ध्या कुरडया काढून घेतल्या. म्हणाल्या, “छत आमचं, ऊन आमच्या छतावरचं.” त्या दिवसानंतर कोणाच्या छतावर आईनं एक पापडसुद्धा टाकला नाही. दीदीनं ते असं मनावर घेतलं होतं की ऑफिसच्या लॅपटॉपवर तिनं कधी दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा टाईप केल्या नाहीत.

कडुलिंबाखाली आणि रोज संध्याकाळी घरी ती काय करायची, हे मला उशिरा कळलं. लहान मुलांसाठी ती फोनवरचा एक खेळ बनवत होती. त्यात चिंगी नावाची पोट्टी सारखी ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, असं विचारते आणि तिला मराठीत उत्तर दिल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. पुस्तकातलं मराठी नाही, आपलं रायपूरचं, मले-तुलेवालं. “आपली पोरं मराठी समजतात अन् बोलतात हिंदीत,” ती म्हणायची. “माझ्या आईची बोली माझ्यासंगच मरावी काय?” माझी स्वतःची मुलगीही हिंदीतच उत्तर द्यायची.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तो खेळ दाखवायचं ठरलं आणि नेमका आदल्या दिवशी तिचा लॅपटॉप बंद पडला. मी म्हटलं, “ऑफिसच्यावर कर ना. एका दिवसाचा तं प्रश्न आहे.”

“एकाच दिवसासाठी आईनंही घातल्या होत्या,” ती म्हणाली आणि लॅपटॉप बगलेत मारून दुरुस्तीच्या दुकानाकडे निघाली. तो वेळेवर दुरुस्त झाला नाही. मंडळातल्या लोकांची बोलणी तिनं ऐकून घेतली, पण खेळ पुढच्या कार्यक्रमातच दाखवला. मला तेव्हा हा शुद्ध हट्ट वाटला होता.

खेळ मुलांनी डोक्यावर घेतला. घराघरांतून चिंगी ‘काहून?’ करायला लागली आणि बातमी आमच्या साहेबांपर्यंत, शुक्ला सरांपर्यंत गेली. नोकरीच्या करारात अट होती की कंपनीच्या साधनांवर जे बनेल ते कंपनीचं. सरांनी सगळ्यांसमोरच सांगितलं, “मशीन हमारी है दीदी, तो गेम भी हमारा. ये मराठी-वराठी हटाकर हिंदी-इंग्लिश में स्कूलों को देंगे.”

दीदीचा चेहरा उतरला. मग अचानक तिला हसू फुटलं. तिनं ऑफिसचा लॅपटॉप उचलून सरांपुढे ठेवला. “लीजिए सर, पूरी छत देख लीजिए. मेरी एक भी कुरडई मिली, तो गेम आपका.”

कुरडईचं कोडं माझ्याशिवाय कोणालाच उलगडलं नाही. पण कॉम्प्युटर विभागाचे साहू भैया लॅपटॉप उघडून बसले आणि तपासणी सुरू झाली. त्या दुपारी आमच्या हॉलमध्ये प्रत्येकजण अचानक फार मन लावून कामाला लागला. कोणी लग्नाचे फोटो पुसतोय, कोणी दुसऱ्या नोकरीचे अर्ज. जो तो आपापलं वाळवण गोळा करत होता, आणि मी सगळ्यांच्या पुढे होतो. दीदी तेवढी स्वस्थ बसलेली दिसत होती.

साहू भैयांनी कानाकोपरा धुंडाळला. पुसलेलंही उकरून काढलं. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि जरा आदरानंच म्हणाले, “सर, इसमें तो दीदी हैं ही नहीं.”

हॉलमध्ये कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. शुक्ला सर दोनदा खाकरले. “ठीक है. गेम आपका,” म्हणाले. मला तर ओरडावंसं वाटत होतं. दीदीनं डोळे पुसले आणि ऑफिसचा लॅपटॉप उघडून राहिलेलं काम पुरं केलं.

पुढे चिंगीपायी तिनं नोकरी सोडली. आमच्याकडे कोणी जायला निघालं की आठवडाभर आपलं सामान कॉपी करत बसतं. दीदीनं शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि चार्जर टेबलावर ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. मी दारापर्यंत गेलो. “काही राहिलं तं नाही ना, दीदी?”

“माझं इथं होतंच काय, भैया?” ती हसत म्हणाली. “तुमचं मात्र पुन्हा पसरलं आहे, ते उचला आता.”

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा मुलगी फोनवर चिंगीशी खेळत होती. मी म्हटलं, “फोन ठेव आता.”

तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, “काहून?”

मी तिला रागवायला हवं होतं. मी पुन्हा म्हटलं, “फोन ठेव.” नुसतं तो शब्द परत एकदा ऐकायला.