वडनेरच्या पुढे, ड्रॉइंगचा तास

गणिताच्या मास्तरांना कोणी किस्से विचारत नाही. ड्रॉइंगच्या मास्तराला मात्र जिथं जाल तिथं लोक धरून बसवतात आणि म्हणतात, "सांगा की तो एखादा!" याचं कारण सरळ आहे. गणितात उत्तर चुकलं की चुकलं, संपला विषय. ड्रॉइंगमध्ये चुकलेलं उत्तर भिंतीवर लावावं लागतं, आणि वर्षभर येणारा-जाणारा त्याबद्दल विचारत राहतो. मग किस्से साठणार नाहीत तर काय होईल?

माझे बहुतेक किस्से एकाच वर्षातले आहेत, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातले. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं. मी नाशिकचा, ड्रॉइंग टीचरचा कोर्स करून थेट बुलढाणा जिल्ह्यात जाऊन पडलो. वडनेर भोलजीच्या पुढे सायकलनं जावं लागे असं गाव, आणि त्या गावात पाचवी ते अकरावीचं हायस्कूल. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणून होते. मोठे बागाईतदार, बोलायला रोखठोक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, हे चित्रबित्र आमच्या गावाले काय कामाचं, ते मले समजत नाही. मार्चपर्यंत पाहू. गावाले कामाचं वाटलं तं ठेवू. नाही तं तुमचे तास गणिताले!"

शेजारी गणिताचे कुळकर्णी सर उभे होते. ते नुसते हसले. मला काही हसू आलं नाही. तास गणिताला गेले की मी नाशिकला, वडिलांच्या कापडाच्या दुकानात गज हातात धरून बसणार, हे ठरलेलं होतं. आणि खरं सांगतो, त्या दुकानाची मला अगदी धास्ती होती!

*

सुरुवात आठवीपासून केली. वस्तुचित्र. टेबलावर पितळी ताट, ताटात केळ्यांची फणी. "जसं दिसतं तसं काढा. मनचं काही घालायचं नाही," असं बजावलं आणि फळ्याकडे वळून मी छायाप्रकाश समजावू लागलो.

तास संपल्यावर कागद गोळा केले. पहिल्या बाकावरच्यांनी भरगच्च फणी काढली होती. मधल्या बाकांवर केळी विरळ होत गेलेली. शेवटच्या बाकावरच्या भीमरावच्या कागदावर ताट होतं आणि ताटात नुसती सालं!

मी टेबलाकडे पाहिलं. ताटात सालंच होती.

"भीमराव, केळी कुठं गेली?"

तो प्रामाणिकपणे उठून उभा राहिला. "सर, तुमीच म्हनले ना, दिसते तसं काढा. माह्यापर्यंत नंबर आला तवा हेच दिसत होतं."

सालांची शेडिंग मात्र त्यानं इतकी सुरेख केली होती की मला रागावताच येईना.

*

सहावीला पोळ्याच्या आधी मातीचे बैल करायला लावले. काळी माती ओढ्याला हवी तेवढी. पण रंगांचं काय? शाळेकडे खडू सोडून दुसरा रंग नव्हता. म्हटलं, घरात जो रंग असेल तो आणा. दुसऱ्या दिवशी गेरू आला, नीळ आली, चुना आला. दगडूनं तर हळदीचं गाडगंच उचलून आणलं.

दोन-तीन दिवसांनी दगडूची आई शाळेत हजर! हातात वाटी. ती थेट माझ्या नाकापुढे धरून म्हणाली, "पाहा मास्तर, पाहा! हे वरन होय का दूध होय?"

वरण खरोखरच पांढरंफटक होतं.

"वर्साची हळद होती माही! पोट्टं म्हनते मास्तरनं मांगितली. काऊन? मास्तरचं लगन हाये का?"

सगळा वर्ग खिदळला. दगडू खाली मान घालून गेला आणि त्यानं आपला बैल आणून आईच्या हातात ठेवला. पिवळाधमक, डावं शिंग जरा आत वळलेलं.

तिनं बैल उलटासुलटा करून पाहिला. आवाज एकदम उतरला. "हा आपला सोन्या होय का रे?"

"हाव."

ती कितीतरी वेळ त्या शिंगावरून बोट फिरवत राहिली. मग जाता जाता मला म्हणाली, "राहू द्या हळद. मोत्या बी करून देजा. एकटा बैल घरी नेऊन काय करू मी?"

मला वाटलं, चला, गावात एक माणूस तरी आपल्या बाजूला झालं.

*

नववीला पर्स्पेक्टिव्ह शिकवणं म्हणजे तर कठीणच. रस्ता लांब जाताना अरुंद होत जातो आणि क्षितिजावर एका ठिपक्यात संपतो, असं मी फळ्यावर काढून दाखवलं. सगळ्यांनी काढलं. महादेव नावाच्या मुलानं मात्र रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच रुंद काढला, पट्टी लावून!

"महादेव, रस्ता पुढं बारीक व्हायला पाहिजे."

"नाही होत सर. तो वडनेरचा रस्ता हाये. मी रोज गाडी नेतो त्याच्यावरून. तिकडं बी एवढाच हाये."

"अरे, असतो एवढाच, पण दिसतो बारीक."

"मंग माही गाडी तिथं फसन ना!"

दोन दिवस आमची हुज्जत चालली. शेवटी एका रविवारी मी त्याला सायकलवर डबलसीट घेऊन नांदुऱ्याला नेलं, स्टेशनवर. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं करून म्हटलं, "रूळ बघ. पार लांबवर. काय होतंय?"

तो डोळे बारीक करून बघत राहिला. "भेटून राह्यले."

"मग?"

"दिसते खरं तसं." तो मनापासून चकित झाला होता. मीही खूश. तेवढ्यात नागपूरकडून एक मालगाडी आली आणि आमच्या समोरून धडधडत निघून गेली. महादेव शेवटच्या डब्याकडे बघत म्हणाला, "पन भेटले असते तं हे आली असती का?"

त्यानंतर त्यानं रस्ता अरुंद काढला. फक्त अरुंद झालेल्या जागी एक बैलगाडी काढली, मुंगीएवढी. म्हणाला, "गाडी बी बारीक केली सर. आता जाते."

*

अकरावीची मुलं म्हणजे मुलं कसली! निम्म्यांना मिशा, दोघा-तिघांची लग्नं झालेली. त्यातल्या वामनला तर मीही वामनरावच म्हणायचो. तो माझ्याहून फार लहान नव्हता.

स्मृतिचित्राला विषय दिला, 'आठवडी बाजार'. सगळ्यांनी पालं काढली, भाजीवाल्या काढल्या, गर्दी काढली. वामनरावांच्या कागदावर एक मोकळं मैदान, चार कांद्याची फोलपटं, एक कुत्रं आणि वाऱ्यावर उडणारा कागद!

"वामनराव, बाजार कुठाय यात?"

"हाच तं हाये."

"आणि माणसं?"

"सर, शाळा सुटल्यावर जातो ना आमी. तोवर बाजार उठून जाते."

चित्र इतकं खरं होतं की मी ते तसंच हेडसरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. हेडसरांनी बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. त्या आठवड्यापासून बाजाराच्या दिवशी शाळा एक तास लवकर सुटू लागली. तो एक तास कोणाचा कापला असेल? ड्रॉइंगचाच!

*

जानेवारी आला तरी भाऊसाहेबांचं काही मत बदललेलं नव्हतं. तेव्हा हेडसर मला म्हणाले, "सव्वीस जानेवारीला ते झेंडावंदनाला येतात. काहीतरी डोळ्यात भरण्यासारखं करा." मी सातवीला घेऊन नव्या महाराष्ट्राचा नकाशा करायला घेतला. चांगला दारभर, उठावाचा, सह्याद्री-सातपुड्यासकट. त्या भागात बायका कागदाचा लगदा करून त्यात मेथीचं पीठ कालवतात आणि टोपल्या लिंपतात. दगडासारखं घट्ट होतं ते. आम्हीही तसंच केलं. नकाशा वाळायला व्हरांड्यात ठेवला.

सव्वीसला सकाळी शाळेत पोचतो न पोचतो तोच मुलं बोंबलत आली.

"सर! सर! बकरीनं विदर्भ खाल्ला!"

मी धावलो. कोकण शाबूत होतं, मराठवाडा शाबूत होता. उजवीकडचा सगळा भाग साफ! बकरी व्हरांड्याच्या खांबाशी उभी राहून शांतपणे रवंथ करत होती.

"बुलढाणा तरी?" कुळकर्णी सरांनी काळजीनं विचारलं.

"बुलढाना राह्यला सर. उजव्या कडंनं थोडा चाटला."

झेंडावंदनाला तासभर होता. कणीक, लगदा, मेथी, हाताला लागेल ते कालवून पोरांनी नवा विदर्भ बसवला. कुळकर्णी सर स्वतः धोतर खोचून चांदा जिल्हा थापत होते! हे मात्र मी त्यांचं आजही विसरलेलो नाही.

भाऊसाहेब आले. नकाशापाशी थांबले. कौतुकानं नागपुरावर बोट टेकवलं आणि बोट पेराएवढं आत गेलं.

"हे ओलं काऊन हाये?"

मागून सातवीतलं एक कार्टं म्हणालं, "इकडचा भाग आत्ताच जोडला ना, भाऊसाहेब!"

भाऊसाहेब बोट रुमालाला पुसत मोठ्यानं हसले. वर्षातलं पहिलं हसू. पण जाताना हेडसरांना म्हणालेच, "पोट्टे हुशार हायेत. पन मार्चचं ध्यानात हाये ना?"

*

आणि मार्चच्या तोंडावर भाऊसाहेबांच्या मुलीचं लग्न निघालं.

तिकडे लग्नघराची दर्शनी भिंत रंगवायची चाल आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, भालदार, वर वधूवरांची नावं. नांदुऱ्याचा एक पेंटर दरवर्षी ते करायचा. तो नेमका शिडीवरून पडून पाय मोडून बसला. भाऊसाहेबांच्या घरच्या, ज्यांना सगळं गाव काकू म्हणे, त्यांनी मला परस्पर निरोप धाडला, "मास्तर, तुमच्या पोट्ट्यायले घेऊन या."

मी सगळ्या वर्गांतली मिळून वीसेक मुलं नेली. कामाची वाटणी उंचीनं केली. अकरावीवाले शिडीवर, आठवी-नववी मधे, आणि पाचवी-सहावीला खालचा पट्टा. विषय एकच, वरात. माझा हात कुठंही लावायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. नोकरी जायचीच असेल तर मुलांच्या चित्रावर जावी.

मुलांनी हत्ती काढलेच नाहीत. त्यांनी गाव काढलं! नवरदेवाच्या घोड्यामागे कुबडी शिंपीणकाकू, पोटावर ढोल घेतलेला वाजंत्रीवाला, एका हातानं धोतर सावरणारे कुळकर्णी सर, डोक्यावर पेट्रोमॅक्स घेतलेल्या बाया, पंगतीत घुसलेली बकरीसुद्धा. लग्नाच्या दिवशी भिंतीपुढे ही गर्दी! "हा मी!" "हे माही बुढी पाहा!" मांडव अर्धा रिकामा झाला.

मग रुसवा सुरू झाला. नवरीचे मामा भडकले. "नवरीच्या मामाले बँडाच्या मांगं काढता? ह्या घरात मान नाही आमाले!" आणि ते चक्क चपला घालू लागले. अकरावीतला एकजण शिडीवर चढला आणि त्यानं घोड्याच्या पुढे नवे मामा काढले, पहिल्याहून दीडपट मोठे, फेट्यासकट. पुसायला वेळ नव्हता, म्हणून मागचेही तसेच राहिले. एका वरातीत दोन मामा! मामांनी चपला काढल्या.

हा गलका ऐकून भाऊसाहेब बाहेर आले. गोरज मुहूर्त जवळ आला होता. त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग पुन्हा उलटी पाहिली. मला समजलं ते काय शोधताहेत. भिंतीवर ते कुठंच नव्हते.

"मी कुठं हाओ?"

खालच्या पट्ट्यात उकिडवी बसून पाचवीतली मंदा कोणाच्या तरी पायांत वहाणा रंगवत होती. तिनं मान वर केली.

"तुमाले नाही काढलं, भाऊसाहेब."

"काऊन?"

"तुमी चित्राचे तास बंद करून राह्यले ना! मंग तुमाले चित्रात कशाले घ्याव?"

हेडसरांनी डोळे मिटले. मला नाशिकचं दुकान दिसलं, गजासकट. भाऊसाहेब मंदाकडे पाहत राहिले. नवरीचा बाप, एवढा मोठा माणूस, अंगावर नवा रेशमी कोट. चारशे पाहुण्यांसमोर काय बोलतील, याचा कोणालाच अंदाज येईना.

"जागा हाये का कुठं?" त्यांनी हळूच विचारलं.

मंदानं दाराजवळची एक मोकळी वीतभर जागा दाखवली. "हे हाये. पन तुमाले उभं राहा लागते. तुमचं नाक मले येत नाही."

भाऊसाहेबांनी टोपी नीट केली, कोटाची बटणं लावली आणि नाक एका बाजूनं दिसेल असे भिंतीपाशी उभे राहिले.

"हलू नका," मंदा म्हणाली.

उजेड उतरत चालला होता. मंदानं कोळसा घेतला आणि जीभ बाहेर काढून नाकापासून सुरुवात केली. आतून मंगलाष्टकांचा पहिला सूर आला. पाठोपाठ कोणीतरी धावत आलं, "भाऊसाहेब, चला! लगन लागून राह्यलं!"

भाऊसाहेब तसेच ताठ. ओठ न हलवता म्हणाले, "भटजीले म्हना, थोडे लांबवा. मी चित्रात हाओ."