आमचा पंखोबा

आमच्या जबलपूरच्या राइट टाउनमधल्या घराच्या फाटकाशी जे झाड उभं आहे, त्याला किती नावं आहेत म्हणता! ज्या नर्सरीतून कुंडीत आणलं, तिथला माळी म्हणाला चायना पाम. दूधवाले भैया म्हणतात ताड. इस्त्रीवाली म्हणते झाडूवाला पेड़, कारण पानांची टोकं फाटून खाली लोंबतात. नवरा म्हणतो काटेवाला, अन् त्याचंही खोटं नाही. जुनं पान कापायला गेलं की देठाचे काटे मनगट सोलून काढतात. पान मात्र पाहत राहावं असं, हातपंख्यासारखं, घड्याघड्यांचं.

घरात त्याचं नाव पंखोबा. हे नाव माझ्या लेकीनं ठेवलं, पाच वर्षांची असताना. चांदोबा ऐकला होता, वाघोबा ऐकला होता, मग पंख्याच्या पानांचा तो पंखोबा. त्याच साली आम्ही नागपूरला एका लग्नाला गेलो. मांडवात ही पोट्टी ज्याला त्याला सांगून राहिली, "आमच्या घरी पंखोबा आहे. रोज बादलीभर पाणी पितो." माझ्या चुलत सासूबाईंनी विचारलं, "कुठलं गं हे दैवत? जागृत आहे का?" अन् खरंच हात जोडले! सगळा मांडव हसून हसून बेजार. मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल, विचारू नका. बारशात, भिशीत, हळदीकुंकवात. लेक बाजूला बसलेली असली तर तिच्याकडे बोट दाखवून.

मग पहिलीचं वर्ष आलं अन् हिचं मराठी गेलं. मी मराठीत बोलायची, ही हिंदीत उत्तर द्यायची. "जेवून घे." "हाँ, आती हूँ." "काहून उशीर झाला?" "बस, ऐसे ही." समजायचं सगळं, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. मी शाळेला शिव्या दिल्या, टीव्हीला दिल्या, सगळ्या जबलपूरला दिल्या. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. एवढ्या वर्षांत तिच्याजवळ एकच मराठी शब्द उरला होता. "मम्मी, पंखोबा में पानी डाल दिया." तेवढ्यावर मी दिवसभर खूश असायची.

अशात समोरच्या घरी एक मॅडम राहायला आल्या. पुण्याच्या, बँकेतल्या, बदलीवर, एकट्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्यासारखाच पाम आणला, गुडघ्याएवढा, अन् कुंडीला नावाची पट्टी लावली. 'चिनी पंखताड.' अक्षर असं की छापल्यासारखं. मी मनात म्हटलं, बाई, झाडाला काय टपाल यायचं आहे?

लेक त्यांच्याकडे बँकेच्या परीक्षेचं विचारायला गेली. मग रोजच जायला लागली. एका संध्याकाळी मी व्हरांड्यात मेथी निवडत होती, तर रस्त्यापलीकडून आवाज आला, "मावशी, मी उद्या येते हं." मला वाटलं कोणाची तरी दुसऱ्याची पोरगी असेल. उठून फाटकापर्यंत गेली. माझीच होती.

अन् मावशी? इथल्या साऱ्या बायका जन्मभर हिच्या आंटी, अन् ही दोन महिन्यांमागं आलेली बाई मावशी! म्हणजे माझी सख्खी बहीणच झाली की. खोटं काहून बोलू, माझ्या अंगाची लाहीलाही झाली. इतकी मी माझ्या जावेच्या बंगल्यावरही जळली नव्हती. ज्या आवाजासाठी मी पंधरा वर्षं कान लावून बसली, तो या बाईनं दोन महिन्यांत, चहा-बिस्किटावर, नेला.

वरून लेक घरी येऊन मलाच शिकवायला लागली. "मम्मी, 'मी आली' नहीं होता, 'मी आले' होता है." मराठी दुरुस्त करून राहिली, तेही हिंदीत! मी म्हटलं, "माझी आई 'आली' म्हणायची, आजी 'आली' म्हणायची, दोघींचं काही अडलं नाही." मग दोन दिवस मी तोंड फुगवून होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाडाला पाणी घालायला गेली, तर पंखोबाच्या बुंध्याला पट्टी. 'चिनी पंखताड.' लेकीच्या अक्षरात. झालं! एक शब्द उरला होता, तोही गेला. मी ती पट्टी ओरबाडून काढली, त्यात काटा लागला तो वेगळाच, अन् तशीच चपला घालून थेट समोर.

मॅडम ओल्या फडक्यानं आपल्या पामची पानं पुसत होत्या. मला पाहून हसल्या. "या ना ताई. तुमचा पंखोबा बरा आहे ना?"

म्हणजे तेही नाव हिनं इथं आणून दिलं! घरातलं होतं नव्हतं ते सारं उचलून समोर वाढून आली. माझा ताबाच सुटला.

"मॅडम, एक सांगा. माझी पोरगी माझ्याशी एक शब्द मराठीत बोलत नाही. तुमच्याशी घंटा घंटा बोलून राहिली. तुम्ही असं काय करता?"

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "मी काहीच करत नाही हो. ती खूप चुकते. मी हसत नाही, एवढंच."

"अन् मी काय हसते?"

त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटेल. नागपूरच्या त्या लग्नात सगळे हसले, तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली होती म्हणे. सगळ्यांत जास्त तुम्ही हसत होतात. ती म्हणते, आईसमोर मराठी बोललं की दुसऱ्या दिवशी भिशीत त्याची गोष्ट होते."

पट्टी माझ्या हातातच होती. पंखोबाची गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, पण त्यात न्हाणीघर कधी नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. पहिलीत जायच्या थोडं आधी ती काहीतरी उलटंसुलटं बोलली, तर मी तिथूनच बहिणीला फोन लावला होता, "ऐक ऐक, आज हिनं काय म्हटलं." पोरगी समोर उभी होती. अन् मी शाळेला शिव्या देत बसली.

"येते मी," म्हटलं अन् घरी आली. लेक फाटकातच उभी होती, बुंध्याकडे पाहत. "वो मैंने लगाया था, मम्मी."

"माहीत आहे. मी काढली. पंखोबाच राहू दे त्याला."

त्यानंतर मी तिला मराठीत बोल म्हणून एकदाही म्हटलं नाही. भिशीत कोणी म्हणालं, "वो पंखोबा वाला किस्सा सुनाओ ना," तर मी चहा आणायला उठली. महिनाभर काही झालं नाही. मग एका रविवारी जेवताना तिनं मला काहीतरी मागितलं. मराठीत. पुरं वाक्य. त्यात चूकही अशी मोठी की नवऱ्याचा घास तोंडातच राहिला, गाल फुगले. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. अन् तिला म्हटलं, "वाढते."

समोरची अजून मावशीच आहे. मी अजून जळते तिच्यावर, रोज नाही, पण जळते. वरची लग्नातली गोष्ट लिहू का म्हणून लेकीला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. "लिही," म्हणाली.

त्या रविवारी ती काय चुकली, ते मात्र विचारू नका. अशी झकास चूक होती, तुम्ही हसून हसून लोळले असते. मी सांगणार नाही.